निमगावचा पानमळा आणि घरी रुसून बसलेले हे

आमचे हे रुसले की बोलणं टाकत. सगळ्या जगाशी नाही, फक्त माझ्याशी. बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होते. तिथं दिवसभर मिठ्ठास बोलायचे आणि घरी आले की तोंडाला कुलूप. सगळ्यात लांबलेला अबोला अकरा दिवसांचा. तेवढ्या काळात निरोप न्यायचं काम आमच्या नऊ वर्षांच्या थोरलीकडं, कुसुमकडं. "तुझ्या आईला सांग, सदऱ्याचं बटण तुटलंय." आई बसलेली असायची दोन हातांच्या अंतरावर!

पन्नासच्या दशकातली गोष्ट. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हे जेवताना कुसुमला म्हणाले, "सांग तुझ्या आईला, ही आमटी म्हशीपुढं ठेवली तर म्हैस दावं तोडून पळेल." कुसुम चुलीपाशी आली आणि म्हणाली, "बाबा म्हणतात, आमटी छान झालीय." मी सगळं ऐकलं होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी, नखं खाऊन खाऊन बोटं लाल झालेली. नवऱ्याचं मी काय ते बघून घेतलं असतं, पण या वयात पोर आमचं भांडण गोड करून वाढायला लागली होती. शाळेला सुट्टी होतीच. निमगाव केतकीला माझ्या आत्याकडं चार दिवस जायचं ठरवलं.

सकाळी यांच्यासमोर उभी राहिले. "आम्ही निमगावला चाललो."

हे कुसुमला म्हणाले, "विचार तुझ्या आईला, माझ्या जेवणाचं काय?"

"कुसुम, तू चपला घाल," मी म्हटलं आणि यांना सांगितलं, "भाकरी दुरडीत, पिठलं पातेल्यात, चूल होती तिथंच आहे."

एसटी तेव्हा नवी होती आणि रस्ता तिच्याहून फार जुना. आम्ही मागच्या बाकावर बसलो. पोरं बरोबर असतील तर तुम्ही तिथं बसू नका, खड्डा आला की सहा वर्षांची धाकटी लीला टपाला टेकून यायची आणि "परत! परत!" ओरडायची. कन्हेरीला वांग्यांची पाटी घेऊन एक बाई चढली. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "मालक कुठं हायत?"

"घरी. रुसलेत."

"आमचं बी रुसल्यात. म्हनून तर बाजाराला निघाले. न्हायतर कोन जातंय उन्हाचं!"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. कंडक्टरनं उगाच तिकिटं पुन्हा तपासली.

निमगावचा पानमळा पाहायचा तर दिवाळीनंतरच. बाहेर ऊन, आत हिरवी गार सावली, शेवरीच्या झाडांवर चढलेले विड्याच्या पानांचे वेल. आत शिरताना पायातलं बाहेर काढायचं, हा नियम सगळ्यांना. आत्याचे यजमान, आबा, कुसुमला देठासकट पान खुडायला शिकवायचे. पहिल्या दिवशी ती प्रत्येक पानाला विचारायची, "हे चालेल? कुणी रागावणार नाही ना?" शेवटी आबा म्हणाले, "पोरी, पान हाय त्ये. चुकलं तर खाऊन टाकू." लीला तोवर दोनदा पाण्याच्या पाटात पडली होती. जादा कपडे न्या.

दुसऱ्या दिवशी इंदापूर. बाजार हिंडून झाल्यावर हॉटेलात शिरलो. मालकानं लगबगीनं बायकांसाठीची पडद्याआडची खोली दाखवली. मी म्हटलं, "आत वारा नाही," आणि दारातल्याच बाकावर दोघींना घेऊन बसले. गरम भजी, बशीतून चहा. समोरच्या म्हाताऱ्यानं पागोटं सावरत आमच्याकडं पाठ फिरवली. भजी अप्रतिम होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मळ्याच्या बांधावर हे! पायात बूट, चेहरा पिठल्यासारखा.

"कुसुम, तुझ्या आईला सांग, सामान आवरा."

कुसुम हातातली पानं घेऊन जागीच थिजली. आबांनी मान वर केली. "जावईबापू, बाई त्या हितं उभ्या हायत. धा पावलं. तुमीच सांगा की. बूट तेवढं भाईर काडा."

हे बराच वेळ बुटांकडं बघत राहिले. मग नाड्या सोडल्या आणि चिखलातून जपून पावलं टाकत माझ्यासमोर आले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"मीठ कुठं असतं?"

मला हसू आवरलं नाही. आत्या तर वेलाला धरून हसली. हे लालबुंद झाले.

"फडताळात, डावीकडं," मी म्हटलं. "आम्ही उद्या येणार, ठरल्याप्रमाणं. आणि निरोप आजपासून बंद. मला सांगायचं ते मला सांगा."

भाकरी-ठेचा खाऊन हे संध्याकाळच्या एसटीनं एकटे परत गेले. जाताना कुसुमच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आलो तेव्हा चूल राखेनं भरलेली आणि पातेलं करपलेलं. माणूस बदलला का? छे! आठवड्याभरात पुन्हा रुसले. पण निरोप न्यायला कुणी नव्हतं, त्यामुळं तो रुसवा अंघोळीला गरम पाणी लागेपर्यंतच टिकला. कुसुम मात्र आता ताटावर बसल्या बसल्या "मला वांगं नको" असं खणखणीत सांगायला लागली. माझ्या वांग्याचा अपमान झाला, पण बरं वाटलं.

पुढच्या वर्षी नवरात्र संपलं तसं हे थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "यंदा कधी निघताय?"

"भाऊबीज झाली की. तुम्ही येताय?"

"नाही."

इतकं एकमत आमच्या संसारात पहिल्यांदाच झालं.