नारळ घेऊन हिंडायला

१९५२च्या थंडीत, एका रविवारी सकाळी, खडवलीच्या नदीकाठी मला मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसलेली एक म्हातारी दिसली. अंगावर विधवेचं लाल आलवण, त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्या मुलाचा मफलर, मांडीत नारळ.

"देवाला निघालात?" मी विचारलं.

"घरी तसंच सांगितलंय. नुसतं हिंडायला जाते हे जाऊबाईंना कळलं, तर उद्यापासून बंद."

मुलाने दगडावर नारळ फोडला. पाणी ती घटाघटा प्यायली. खोबऱ्याची एक वाटी तिने रुमालात बांधली. "हा जाऊबाईंचा प्रसाद. आणि तू रे, परतताना जरा जोरात घे. मघाशी बैलगाडीसुद्धा पुढे गेली."

पुढच्या रविवारी दुपारी मी तिथे पुन्हा गेलो. दगडापाशी नारळाची ताजी शेंडी पडली होती आणि ओल्या मातीत तीन चाकांच्या खुणा होत्या.