तारेच्या कुंपणातला मी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगताना मध्ये थांबणार नाही. आणि एक गोष्ट आधीच बजावतो. झालं ते झालं, पण माझी चूक मी आजही कबूल करत नाही. माझी बायको शांता करते. माझ्या वतीनं, आल्यागेल्यासमोर, न विचारता करते.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. एक भट्टी पेटली होती, दुसरीचं लोखंडी हाडूक वर चढत होतं, आणि मी आतल्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होतो. म्हणजे सांधे बदलणारा. इंजिन कोणत्या रुळावर जाणार हे ड्रायव्हर नाही ठरवत, मी ठरवतो! कमरेला हिरवी झेंडी, काखेत लाल. भंडाऱ्याकडच्या आमच्या खेड्यात माझ्या बापानं रेल्वे लांबून पाहिली होती, आणि मी तिला वाट दाखवत होतो. थोडी ऐट असणारच की नाही?

तर शंटिंग जमादाराची, म्हणजे माझ्या वरच्या जागेची, परीक्षा निघाली. मी अर्ज घेऊन बड्या बाबूंकडे गेलो. बडे बाबू म्हणजे दुर्गच्या जुन्या मराठी घराण्यातले आमचे हेडक्लार्क. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"रामटेके, या परीक्षेत यार्डाचं ड्रॉइंग वाचावं लागतं."

"वाचतो जी."

"अहो, ड्रॉइंग म्हणजे भिंतीवरचं चित्र नव्हे. ते तुमच्या लोकांच्या हातचं काम नाही. कशाला उगाच फजिती करून घेता?"

तुमच्या लोकांच्या! अर्ज त्यांनी कपाटात टाकला तो टाकलाच. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आज सांगतानाही उतरत नाही, पाहा. मनात म्हटलं, बाबू, ड्रॉइंग वाचणं राहू द्या, मी तुम्हाला अख्खं यार्ड बनवून दाखवतो. इंचाइंचाचं!

आणि बनवायला घेतलं की हो.

मजुरांच्या कॅम्प एकमधलं आमचं घर म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली आणि पुढं अंगण. खोलीत दोन खाटा. त्या दोन खाटांवर जुनं दार आडवं टाकलं, त्यावर यार्ड. शांता, पोरगी कमल आणि मी, आम्ही आठ महिने जमिनीवर झोपलो. रशियन मशिनींच्या पेट्यांना लोखंडी पट्ट्या असायच्या. पेट्या फोडल्या की त्या कॅम्पच्या बाजारात ढिगानं मिळत. त्या कातरून रूळ केले. स्लीपर बांबूच्या काड्यांचे. वितळलेलं लोखंड वाहणारी गाडी केली बूटपॉलिशच्या डबीची, आत टॉर्चचा दिवा आणि वर लाल कागद. पेटवला की भट्टीतून आत्ताच निघाल्यासारखी दिसायची.

इंजिन मात्र धुराचं नाही केलं. मेश्राम, म्हणजे माझा जोडीदार पॉइंट्समन, म्हणाला, "धुराचं कर ना बे, उदबत्ती लावता येते."

"नाई," मी म्हटलं, "आपल्या यार्डात आता डिझेल येऊन राहिलं. जुनं कावून बनवू? जे आज हाय तेच बनवीन."

त्या डिझेलच्या पोटात घरातल्या अलार्मच्या घड्याळाची चावी बसवली. चावी दिली की इंजिन यार्डाला दोन फेऱ्या मारून दमानं थांबायचं. घड्याळ मात्र गेलं. त्या आठ महिन्यांत पाळीला उशीर झाला की शांता म्हणायची, "विचारा आपल्या इंजिनाले, किती वाजले ते."

आता मापं कुठून आणली? टेप मला कोण देणार! पावलांनी मोजली. पाळी सुटली की रुळाच्या कडेनं चालायचं, पावलं मोजायची आणि वहीत लिहायचं. रोज. सिग्नल, सांधे, दिव्याचे खांब, पाण्याची टाकी, सगळं. हे पाहून कोणाच्या मनात काय येत असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. तुमच्या तरी शिवला असता का?

जयंतीच्या दिवशी प्रदर्शन ठेवलं. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, पंचशील झालं आणि दार उघडलं. अख्खी बस्ती आत! एप्रिलचं ऊन, टिनाचं छप्पर, घामाच्या धारा, पण माणूस हलेना. म्हाताऱ्या बाया इंजिनाला हात जोडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, हात नोका जोडू, हे देव नाई, डिझेल हाय!"

पण माझा डोळा दाराकडे होता. आदल्या दिवशी मी बड्या बाबूंना आमंत्रण दिलं होतं. ते हसले होते आणि म्हणाले होते, "मी कशाला? नव्या ट्रॅफिक साहेबांनाच पाठवतो. बघू द्या त्यांनाही तुमचं ड्रॉइंग." नवे साहेब मी पाहिलेले नव्हते. थट्टा असेल असं वाटलं, पण आशा काय सुटते?

आणि अकराच्या सुमाराला दारात एक माणूस उभा. पांढरा बुशशर्ट, चकचकीत बूट, खिशात वही.

"यार्ड का नक्शा आपने बनाया है?"

आले! मी हार त्यांच्या गळ्यात घातला. बाबासाहेबांच्या फोटोसाठी आणलेला दुसरा हार होता तो. खुर्ची दिली, शांताला चहा ठेवायला सांगितलं.

तो माणूस ट्रॅफिक साहेब नव्हता हो. तो वॉच अँड वॉर्डचा, म्हणजे कारखान्याच्या पहाऱ्याचा इन्स्पेक्टर होता. कोणीतरी कळवलं होतं की एक माणूस रोज यार्डात पावलं मोजतो आणि वहीत लिहितो. हे मला कळायला अजून अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी काय काय करून बसलो ते ऐका.

"नाप कैसे लिया?"

"पाँव से, साहब! एक-एक कदम गिन के."

"कितने दिन से गिन रहे हो?"

"आठ महीने. एक दिन का भी खाडा नहीं!"

"किसके कहने पर?"

"किसी के बाप के कहने पर नहीं, साहब. अपनी मर्जी से!"

"और यह किस-किस को दिखाया?"

"आज सारी बस्ती को. कल पड़ोस के जामुलवालों को बुलाया है."

साहेब भराभरा लिहून घेत होते. माझी छाती फुगली. माझं बोलणं कोणी लिहून घ्यावं अशी वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. मी चावी दिली, इंजिन निघालं, बूटपॉलिशची डबी लाल झाली. साहेबांनी क्षणभर पेन थांबवलं आणि पाहिलं. खोटं नाही सांगत, त्यांच्या तोंडून "वाह" निघालं.

मग ते वाकले. यार्डाच्या मागच्या बाजूला भिंत अजून बांधून व्हायची होती, तिथं काटेरी तारेचं कुंपण होतं. ते मी तांब्याच्या तारेचं केलं होतं.

"यहाँ ये दो तार ऊपर क्यों मुड़े हैं?"

आता पाहा. खरं कुंपण आम्हीच वाकवलं होतं. गेटातून घरी जायचं म्हणजे लांबचा वळसा. या फटीतून दहा मिनिटांत घर, गरम भाकर, आणि परत. आमची सगळी पाळी आळीपाळीनं जायची. हे कोणाला सांगायचं नसतं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी त्या वेळी पॉइंट्समन नव्हतो ना, मी कलावंत होतो!

"साहब, असल में मुड़े हैं, इसलिए मुड़े हैं! अपने नक्शे में झूठ नहीं."

"और तार के बीच में ये आदमी कौन है?"

तिथं मातीचा एक माणूस होता. अर्धा आत, अर्धा बाहेर, डोकं खाली, कमरेला हिरवी झेंडी.

"मैं!" मी म्हणालो.

सगळी खोली हसली. शांता खोकली. मला वाटलं, चुलीचा धूर.

"खाना खाने जा रहा हूँ," मी समजावलं. "और ये देखिए, ये मेश्राम. मैं नहीं रहता तो दोनों जगह के पॉइंट यही सँभालता है."

मेश्राम माझ्या मागं उभा होता. मी वळून पाहिलं तर जागा रिकामी.

साहेबांनी चहा संपवला. "नाम? टोकन नंबर?" मला वाटलं, बक्षिसासाठी. टोकन नंबर दोनदा सांगितला, चुकायला नको म्हणून. त्यांनी वही पुढं केली, "यहाँ दस्तखत." आमच्या घराण्यात मी पहिला सही करणारा. बापाचा अंगठा होता. मी अशी झोकदार सही केली की शेवटची रेघ पानाबाहेर गेली.

"ठीक है. मैं वॉच अँड वॉर्ड से हूँ. कल दस बजे ऑफिस में आना. और ये सब साथ में लाना."

साहेब हार काढून खुर्चीवर ठेवून गेले. शांता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झालं समाधान? आता सांगा, कावून बनवला तो माणूस? रिकामं कुंपण नसतं का चाललं?"

"रिकामं कसं चालन? मी रोज जातो ना तिथून!"

तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी चार माणसांनी यार्डासकट ते दार खांद्यावर घेतलं आणि आम्ही कॅम्पच्या बाजारातून निघालो. लोकांना वाटलं, जयंतीची झांकी आजही निघाली. कोणी फुलं टाकली, कोणी "जय भीम" म्हणालं. मी आरोपी होतो तरी दोन्ही बाजूंना हात जोडत चाललो होतो. काय करणार, उत्तर तर द्यावंच लागतं!

चौकशीला एक वयस्कर साहेब बसले होते. हेरगिरीचा संशय पाच मिनिटांत गेला. बूटपॉलिशची डबी पाहूनच ते हसले. राहिली कुंपणाची फट, ड्युटी सोडून जाण्याचा आरोप. माणूस भला होता. त्यांनी मला सुटायची वाट दाखवली.

"रामटेके, खिलौना ही तो है. खिलौने में आदमी मन से कुछ भी बना देता है. मैं लिख दूँ कि ये मुड़े तार तुम्हारी कल्पना हैं? बात खत्म."

मेश्राम कोपऱ्यात उभा होता. डोळ्यांनी मला विनवत होता, हो म्हण, लेका, हो म्हण. मी म्हणणारही होतो, शपथ! तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात साहेबांच्या शेजारी फाइल घेऊन बसलेले बडे बाबू म्हणाले, "साहेब, मी तर आधीपासून सांगतोय. याला ड्रॉइंग कुठून कळणार? सगळं अंदाजपंचे बनवलंय."

अंदाजपंचे?

"नाई जी!" मी ओरडलो. "कल्पना काहीच नाही, साहब! एक खिळा भी मन का नहीं. आपका ड्रॉइंग मँगवाइए!"

ड्रॉइंग आलं. टेबलावर पसरलं. मी बोट ठेवत गेलो. हा सिग्नल, तो तिथं. हा सांधा, तोही तिथं. आणि चौथ्या लाइनचा शेवटचा सांधा? "तुमच्या कागदावर चुकला हाय जी. भट्टीसाठी तो अलीकडं घेतला, कागदावर घ्यायचा राहिला." साहेब उठले. आम्ही सगळे उन्हात यार्डात गेलो आणि मोजलं. माझंच खरं निघालं! बड्या बाबूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मी तिथं थांबायला हवं होतं. थांबलो का?

"आता फट बी पाहून घ्या!" म्हणालो आणि साहेबांना कुंपणाशी नेलं. दोन तारा, माझ्या मॉडेलमधल्यासारख्याच वाकलेल्या. साहेब म्हणाले, "इसमें से आदमी कैसे निकलेगा?" आणि मी, तुम्हाला सांगतो, वाकलो, उजवा खांदा आधी घातला, झेंडी हातानं दाबली आणि एका दमात पलीकडे! ना कुठं ओरखडा, ना कुठं शर्ट अडकला. पलीकडून दोन्ही हात पसरून म्हटलं, "देखा?"

साहेबांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मेश्राम खाली बसला.

संध्याकाळपर्यंत नव्या तारा लागल्या आणि आमच्या पाळीचं घरचं गरम जेवण बंद झालं. लोक वळसा घालताना माझं नाव घ्यायचे, कसं ते विचारू नका. मेश्राम महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

चार दिवसांनी हुकूम आला, इंग्रजीत. त्याचा मराठी तर्जुमा बड्या बाबूंनीच लिहून मला वाचून दाखवायचा आणि द्यायचा होता. काय क्षण होता तो! बाबूंनी घसा साफ केला. "रामटेके यांनी तयार केलेलं मॉडेल तपासलं. ते सर्व बाबतींत अचूक आहे."

"अजून एकदा वाचा जी," मी म्हटलं. त्यांना वाचावं लागलं.

मग त्यांनी पुढची ओळ न मागता वाचली. "सबब, मॉडेलमध्ये दाखवल्याप्रमाणे ते ड्युटी सोडून जात होते हे सिद्ध होतं. सक्त ताकीद. परीक्षेला एक वर्ष बसता येणार नाही."

एक वर्षानं बसलो, पास झालो, शंटिंग जमादार म्हणूनच रिटायर झालो, ते सोडा. तो कागद मी फ्रेममध्ये घालून भिंतीला लावलाय. कारखान्यानं मला लिहून दिलंय, अचूक! आहे का कोणाकडे असा कागद? लोक वाचतात, मान डोलावतात, आणि शांता आतून ओरडते, "खालची ओळ बी वाचा म्हणा त्याइले!"

खालची ओळ झाकायचीच होती हो मला. म्हणून फ्रेम बाजारातून नाही आणली. मोजून मापून, स्वतःच्या हातानं बनवली, खालची पट्टी मुद्दाम रुंद ठेवून. आयुष्यात माझं माप चुकलं ते एकदाच. पट्टी ओळीच्या खाली बसली, आणि 'सक्त ताकीद' तिच्या बरोबर वर, मधोमध दिसतं.