डोंगराचे तीन शेवट

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि माझी शाळा चौथीपर्यंत झालेली होती. (ती आजही तेवढीच आहे.) तरी त्या वर्षी एका महिन्यात मी सव्वीस पुस्तकांचा जाणकार झालो. पुस्तकंही साधीसुधी नाहीत. परग्रहावरची, जादूची, यंत्रमाणसांची! कसा झालो ते सांगतो. हसू आलं तर हसून घ्या, अख्खं पडेगाव हसून बसलंय.

आमच्या वसाहतीत विहाराला लागून वाचनालय आहे. एक खोली, चार कपाटं आणि मनात आलं तर फिरणारा एक पंखा. माझी सून सुजाता दिवसभर चिकलठाण्याला कंपनीत राबते आणि संध्याकाळी सहा ते आठ हे वाचनालय उघडते. पगार नाही, हौस. चौथं कपाट तिचं स्वतःचं, तिनं एकेक पुस्तक जमवून भरलेलं. त्यात सव्वीस पुस्तकं, सगळ्या विज्ञानकथा आणि अद्भुत गोष्टी. अडचण एवढीच की ती पुस्तकं तिच्याशिवाय कुणी हातात धरत नव्हतं.

मग एका रविवारी कमिटीची बैठक झाली. कमिटीचे अध्यक्ष खरात गुरुजी, म्हणजे रिटायर हेडमास्तर. ते म्हणाले, "सुजाताताई, थंड पाण्याचं मशीन ठेवायला जागा पायजे. हे चौथं कपाट काढू या. उडत्या तबकड्या वाचून कुणाला नोकरी लागलीय का?"

सुजाता एक शब्द बोलली नाही. आमची सून भाजीत मीठ कमी पडलं तरी दहा वाक्यं बोलणारी! ती गप्प बसली आणि माझ्या डोक्यात सणक गेली. उभाच राहिलो.

"गुरुजी, एक महिना द्या. या कपाटातलं एकूण एक पुस्तक कुणाच्या ना कुणाच्या घरी वाचायला गेलेलं दिसंल. नाय गेलं तर कपाट मी सवता उचलून बाहेर ठेवतो."

"आबा, तुम्ही वाचता का ही पुस्तकं?"

"मग काय न वाचता बोलतो का?"

(न वाचताच बोललो होतो.)

घरी आलो तर आमची मंडळी चुलीसारखी पेटलेली. "चौथी पास मानूस आन् सव्वीस पुस्तकं! रेशनच्या पावतीवरचं नाव वाचायला अर्धा तास लागतो तुमाला!"

"तो मशीनचा दोष हाय. शाई फिकी येते."

सुजाता मात्र खुश झाली. म्हणाली, "आबा, काय अवघड नाय. लोकांना पुस्तकाबद्दल सांगायचं. म्हणजे त्यांना वाचावंसं वाटंल."

सांगायचं! एवढंच? अहो, ते काम तर माझं हुकमी! वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज ग्रंथाचं वाचन चालतं. ज्याला कामामुळं यायला जमत नाही त्याला काल काय वाचलं ते दुसऱ्या दिवशी मी सांगतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. वीस वर्षं ही ड्युटी करतोय. एक खाडा नाही. म्हटलं, सांगणं म्हणजे हेच. मुंडी हलवली आणि कामाला लागलो.

आता माझं वाचन कसं, तर ओळीखाली बोट आणि जोडाक्षर आलं की थांबा. एक पान म्हणजे एक पुरा चहा, तोही गार झालेला. सव्वीस पुस्तकं वाचायला मला आणखी एक जन्म लागला असता, आणि आमचा तर पुनर्जन्मावर विश्वास नाही! सुजाताला विचारलं असतं तर तिनं दोन संध्याकाळींत सगळ्या गोष्टी सांगितल्या असत्या. पण सुनेला विचारायचं? मी?

मग मी माझी पद्धत काढली. वरचं चित्र बघायचं, पहिली चार-पाच पानं वाचायची, मागच्या बाजूचा मजकूर वाचायचा. राहिलेलं डोक्यानं पुरं करायचं. कारखान्यात पस्तीस वर्षं प्रेस मशीन चालवलीय मी. अर्धा पार्ट बघून पुरा पार्ट कसा निघणार ते सांगायचो. गोष्टीचं काय वेगळं असणार!

पहिलं गिऱ्हाईक सलीमभाई टेलर. त्याला मी डोंगराचं पुस्तक सांगितलं. त्या पुस्तकात एक डोंगर दरवर्षी एक पाऊल चालतो आणि पायथ्याचं गाव घरंदारं उचलून त्याच्या मागं जातं. (इथपर्यंत खरोखर पुस्तकातलं. पाच पानं.)

सलीमभाईची मशीन थांबली. "फिर? फिर क्या हुआ चाचा?"

आता फिरचं मी काय सांगणार! पण माणूस असा डोळे लावून बसल्यावर जीभ थांबते का? "फिर काय, चालत चालत त्यो आला दौलताबादला. समोर किल्ला बघितला. म्हणला, आपल्याहून तालेवार इथं आधीच बसलाय. लाजला आन् तिथंच खाली बसला, कायमचा."

"वल्ला!" सलीमभाई म्हणाला, आणि त्या नादात त्यानं एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही खिसे शिवून बंद केले.

मग मी सुटलोच! पाण्याच्या टँकरला लाइन लागली की मी हजर. आमच्याकडं पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळं श्रोते भरपूर आणि पळून जाणार कुठं! स्वयंपाक करणारा यंत्रमाणूस सांगितला, त्याचं लग्न लावलं. एका पुस्तकात माणसं समुद्राखाली राहायला जातात. त्यांना मी सगळ्यांना कंटाळा आणून वर काढलं. बाया हंडे भरून वाहायला लागले तरी हलत नव्हत्या. "आबा, पुढं?" "आबा, त्या यंत्राला पोरं झाली का?" रस्त्यानं चाललो की लोक विचारायचे, "आज कुठलं?" बैठकीत माझ्याकडं बघून हसणारी माणसं आता सायकल थांबवून "जयभीम आबा" म्हणायला लागली. मी छाती काढून हिंडत होतो. म्हटलं, कपाट वाचलं!

सत्ताविसाव्या दिवशी मी सुजाताला सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती गेली गं पुस्तकं?"

"एक पण नाय, आबा."

"एक पण?"

"मागच्या महिन्यात दोघं जण निदान विचारायला तरी आले होते. या महिन्यात तेवढे पण नाय."

मी तसाच उठून सलीमभाईच्या दुकानात गेलो. "काय रे, डोंगराचं पुस्तक नेलं नाय तू?"

"कायकू लेना चाचा? पूरी किताब तो तुमने सुना दी! अब पढके क्या मिलनेवाला?"

परत आलो, सलीमभाई काय म्हणाला ते सांगितलं. सुजाता माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही शेवटसुद्धा सांगितला?"

"मग? अर्धवट सांगणारा वाटलो का मी तुला?"

"सगळ्या पुस्तकांचा?"

"सव्वीसच्या सव्वीस!"

ती कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. तेव्हा मला उमगलं की ते कपाट मीच माझ्या तोंडानं रिकामं केलं होतं. पुस्तकं तेवढी आत राहिली होती.

महिना भरला. रविवारची बैठक. मी ठरवलं होतं, दिला शब्द पाळायचा; कपाट स्वतः उचलायचं. खोली गच्च भरलेली. (माझी फजिती बघायला माणसं जमतात, पुस्तकं न्यायला नाही!) सुजाता खाली बसून एकेक पुस्तक ओढणीनं पुसत होती आणि खोक्यात ठेवत होती. डोंगराचं पुस्तक हातात आलं तसा सलीमभाई हळहळला, "ये तो अच्छी थी. पहाड बेचारा किले के बाजू में शरमा के बैठ गया."

मागून आमची मंडळी म्हणाली, "अवो भाई, किल्ल्याजवळ कसा बसंल? त्यो तर जायकवाडीच्या धरणात उतरून बुडला!"

मला दरदरून घाम फुटला. मंडळीचं माहेर पैठण. तिला बरं वाटावं म्हणून तिला सांगताना मी डोंगर पैठणला नेला होता!

"बुडला?" खरात गुरुजी चष्मा काढून म्हणाले. "मला तर आबा म्हणाले की डोंगरावर शाळा निघाली, आणि हेडमास्तरच्या मानासाठी डोंगर चालायचा थांबला!"

सगळी खोली माझ्याकडं वळली. सुजाता सोडून. ती पुस्तक पुसत होती. ते झालं, पुढचं घेतलं, तेही पुसलं आणि खोक्यात ठेवलं. मला वाटलं, बहात्तर वर्षांत मी कुणापुढं मान खाली घातली नाही. मालकापुढं नाही, मुकादमापुढं नाही. पण ही पोरगी रोज दमून येऊन ते कुलूप उघडते. घातली मान खाली तर काय तुटंल का?

उभा राहिलो. "लोकहो, ऐका. यातलं एक पण पुस्तक मी पुरं वाचलेलं नाय. सुरुवाती त्यांच्या. शेवट सगळे माझे."

गुरुजींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"सव्वीसच्या सव्वीस?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय."

सलीमभाई उठला. "मतलब वो रोबोट की शादी..."

"मीच लावली."

"और समुंदर के नीचेवाले?"

"मीच वर काढले."

"तो असल में क्या होता चाचा?"

"मला काय माहीत! पुस्तकात असंल!"

आणि मग जे झालं ते! आधी हशा. एवढा की शेजारच्या गल्लीतली माणसं पळत आली. आणि हसता हसताच सलीमभाईनं खोक्यात हात घालून डोंगर उचलला. "मैं देखता, कहाँ जाके बैठा." तशी आमच्या मंडळीनं यंत्रमाणूस ओढला, मला वाचून दाखवायला लावते म्हणाली, "आन् बोट ठेवून, एक वळ सोडायची नाय!" समुद्राखालच्या पुस्तकाला दोघी बाया एकदम लटकल्या. "आबांनी मला फसवलं, आधी मी बघणार!" "मला जास्त फसवलं!" सुजाताचं पेन चालायचं थांबलं, दुसरं आणलं. शेवटी खरात गुरुजी घसा खाकरत आले आणि म्हणाले, "सलीमभाईचं झालं की डोंगर माझ्या नावावर लिहा. शाळेचं काय झालं ते कळलं पाहिजे."

खोकं रिकामं झालं. थंड पाण्याचं मशीन व्हरांड्यात गेलं. कपाट जागच्या जागी राहिलं. सुजाता घरी जाताना एवढंच म्हणाली, "आबा, आता मला विचारून सांगत जा." आणि हसली. मी "बघू" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सलीमभाईच्या दुकानाच्या पायरीवर. आत तो गळ्यात टेप टाकून वाचत बसलेला, मशीन बंद.

"सलीमभाई, काय झालं रे डोंगराचं?"

त्यानं मान वर केली नाही. "खुद पढो चाचा."

"अरे, नुसतं एवढं सांग, बसतो का बुडतो?"

"नक्को चाचा. मजा जाता."

घरी येऊन सुजाताला म्हटलं, माझं नाव लिही त्या डोंगरासाठी. तिनं वही उघडली. "लिहिते आबा, पण तुमचा नंबर अकरावा हाय." अकरा नंबर! माझा नंबर यायला दिवाळी उजाडणार, आणि डोंगर इकडं माझ्या डोक्यात घर करून बसलेला. मग काय, मंडळी अंगणात मेथी निवडत होती. तिच्यासमोर चवड्यावर बसलो, चष्मा पुसला, आणि तिला डोंगराचा चौथा शेवट सांगायला घेतला.