नाव न घेता लिहिलेला निबंध

भागीरथाबाईंची वही तपासताना मला शिंका येत. सकाळी त्या इतवारीतील एका वखारीत भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडण्याचे काम करीत आणि दुपारी धरमपेठेत आमच्या वर्गाला पायी येत. हात कितीही धुतले तरी तिखट वहीच्या पानांत उतरे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढ स्त्रियांना मॅट्रिकला बसवण्यासाठी एका महिला मंडळाने हा वर्ग चालवला होता. १९६८ साली तेथे इंग्रजी शिकवण्याचे काम माझ्याकडे होते.

भागीरथाबाईंचे वय तेव्हा चौतीस. त्यांचे यजमान चंपतराव गिरणीत विणकर होते. छातीच्या विकाराने दोन वर्षांपासून गणेशपेठेतील खोलीत दाराजवळ बसून असत. मंडळाच्या बालवाडीत जूनमध्ये शिक्षिकेची एक जागा रिकामी होणार होती. मॅट्रिक झाल्यास ती भागीरथाबाईंना देण्याचे चिटणीस प्रमोदिनीबाईंनी कबूल केले होते. मिरच्यांनी त्यांची बोटे सोलवटलेली असत, त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. परंतु लुगड्यासोबत घरी जाणाऱ्या तिखटाने चंपतरावांचा खोकला बळावतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ती जागा त्यांना हवी होती ती एवढ्याचसाठी.

जानेवारीत मी सर्वनामे शिकवावयास घेतली. पुरुषवाचक, स्वामित्वदर्शक, आत्मवाचक, संबंधी असे प्रकार पाडून प्रत्येकाचा वेगळा तक्ता केला. आत्मवाचक सर्वनामांच्या दिवशी अंजनाबाई नावाच्या थोराड विद्यार्थिनीने विचारले, "हिमसेल्फ म्हंजे आपनच आपल्याले काय, सर? आमच्या सासूसारखं! आपनच रांधते अन् आपनच नावं ठेवते." वर्ग हसला. भागीरथाबाईंची शंका मात्र निराळी, इंग्रजी 'ही'बद्दल होती.

"सर, पोरगंबी 'ही' अन् घरचेबी 'ही'च? इंग्रजाच्या घरी मानपान नसते काय?"

मी म्हणालो, "नसतो. तेवढाच अभ्यास कमी."

सराव परीक्षेत 'माझे कुटुंब' हा निबंध होता. भागीरथाबाईंचा निबंध थेट सर्वनामानेच सुरू झाला. ही इज इल्. ही सिट्स निअर द डोअर. ही ईट्स लिटल. असे नऊ वेळा 'ही' आले आणि नाव एकदाही नाही. आधी विशेषनाम, मग सर्वनाम, हे सूत्र मी फळ्यावर कायमचे लिहून ठेवले होते. मी त्या नऊच्या नऊ शब्दांखाली लाल रेघ मारली.

"हा 'ही' कोण?" मी वर्गात विचारले.

"हे बी सांगा लागते काय, सर?" अंजनाबाई म्हणाल्या. "तिच्या गल्लीत 'ते' म्हटलं का कुत्र्यालेबी समजते कोन ते!"

"परीक्षक त्यांच्या गल्लीत राहत नाही."

"घे न वं नाव, भागीरथा. लग्नात उखान्यात घेतलंच होतं नं!"

"तवा ते धडधाकट होते वं," भागीरथाबाई हळूच म्हणाल्या.

आजारी नवऱ्याचे नाव बायकोने उच्चारले तर त्याचे आयुष्य उणे होते, अशी त्यांच्या गावाकडील समजूत. मला ती माहीत होती. समजूत घराच्या उंबऱ्याशी ठेवून वर्गात यावे, असे माझे मत होते. सुधारलेला निबंध उभे राहून वाचून दाखवल्याखेरीज परीक्षेच्या अर्जावर शिक्षकाने सही करू नये, असा आमचा नियम होता. तो मीच केलेला होता.

तीन दिवस त्या उभ्या राहिल्या नाहीत. चौथा दिवस अर्ज पाठवण्याचा शेवटचा दिवस. त्या उठल्या, पदर सावरला आणि वही डोळ्यांसमोर धरली.

"चंपतराव इज इल्. ही सिट्स निअर द डोअर."

उच्चारात एकही दोष नव्हता. दोष टळावा म्हणून अंजनाबाईंनी खाली वाकून जमिनीला हात लावला. मी सही केली.

बाराव्या दिवशी चंपतराव वारले.

तेरवी झाल्यावर मी प्रमोदिनीबाईंसह गणेशपेठेत गेलो. परीक्षेचे प्रवेशपत्र आले होते, ते मी सोबत नेले होते. दाराजवळची जागा सारवून मोकळी ठेवलेली होती.

"डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितले होते," मी म्हणालो. "नावाचा आणि या गोष्टीचा काही संबंध नाही."

"हो, सर." वर्गात एखादा नियम समजावून सांगितल्यावर म्हणत, तशाच म्हणाल्या. मग बोलल्या, "मले समजते, सर. पन मी घेतलं नं नाव."

"परीक्षेला मात्र बसा."

"ते तर त्याइच्यासाठी होतं, सर. आता तिखट घरी आलं तरी कोनाले खोकला येते?" त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. "अर्धी कोरी हाय. कोना पोरीले देजा."

परत येताना प्रमोदिनीबाईंनी विचारले, "सर, 'माय हजबंड' एवढं लिहून चाललं नसतं का?"

चालले असते. हजबंड हा शब्द मी तिसऱ्या पाठातच शिकवला होता. मला तो त्या चार दिवसांत एकदाही सुचला नाही, कारण फळ्यावरच्या सूत्रात तो नव्हता.

बालवाडीची जागा दुसऱ्या बाईंना मिळाली. पुढे काही वर्षांनी भागीरथाबाई मला इतवारीत दिसल्या. मिरच्यांच्या ढिगाशी पाठमोऱ्या बसून देठ खुडत होत्या. मी हाक मारली नाही.

त्यांची वही मी कोणालाही दिली नाही आणि उघडलीही नाही. १९७९ मध्ये निवृत्त झाल्यावर कपाट लावताना ती हाती आली. शिंक आली नाही. तिखट केव्हाच उडून गेले होते. सुधारलेल्या निबंधाच्या पानावरील पहिला शब्द ब्लेडने खरवडून काढलेला होता, इतका, की कागदाला आरपार भोक पडले होते. बाकीचे सारे 'ही' जागच्या जागी होते.

पान उलटले. मागच्या बाजूस, वाचन झाले त्याच्या दुसऱ्या दिवसाचा अभ्यास होता. भोकापाशी ओळ तोडून त्यांनी पलीकडून पुढे लिहिली होती. म्हणजे नाव त्याच संध्याकाळी खरवडले होते, चंपतराव हयात असताना. तो अभ्यास मी तपासला होता. समासात माझ्याच वळणदार अक्षरांत लाल शाईने शेरा होता: पाने फाडू नयेत. वही नीटनेटकी ठेवावी.