मोकळं शीट

वडापच्या धंद्यातून पायलट काढणारा माणूस उभ्या जगात एकच झाला असेल, आणि तो माझा गारगोटीचा मामा. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर शिटाशिटानं माणसं भरून त्याच्या दोन जीपगाड्या धावायच्या. गाडी भरली, असं त्याला कधी वाटलंच नाही. दहाजणांच्या जागेत अठरा कोंबले तरी मागं वळून म्हणायचा, "जरा सरकून घ्या पावणं, अजून दोघं येत्यात." पुढं त्याच्या डावीकडं तिघं, उजवीकडं दाराला लटकलेला एक, आणि मधल्या उरल्यासुरल्या जागेत स्वतः मामा. शीट मोकळं दिसलं की त्याचा जीव तुटायचा. स्टँडवर तासभर ओरडत उभा राहील, पण गाडी सोडणार नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीनं, दोन हजार साल उजाडता उजाडता, बारावी झाल्यावर पायलट होणार म्हणून जाहीर केलं. मामीनं रडायला सुरुवात केली. मामा म्हणाला, "ड्रायवरची पोरगी ड्रायवर हुणार, त्यात रडायचं काय हाय?" मेडिकल पास झाली तेव्हाच ती पायलट झाली असं समजून गड्यानं गल्लीला मटणाचं जेवण घातलं. मग कळलं, विमानाला अजून हात लावायचाय, आणि उडायचे पैसे तासावर. तेव्हापासून घरातली चीजवस्तू तो तासांत मोजायला लागला. म्हैस विकली, "तीन तास उडाली." मामीच्या पाटल्या गेल्या, "सात तास." पहिली जीप विकली त्या दिवशी मात्र "लांब गेली" एवढंच म्हणाला आणि न जेवता झोपला.

लायसन्स आलं. दुसरं जेवण झालं. नोकरी काही येईना, कारण कंपन्यांना मोठ्या विमानाचं वेगळं शिक्षण हवं होतं, आणि तेही ज्याच्या त्याच्या खर्चानं. लेक दोन वर्षं गावात शिकवण्या घेत बसली. एक दिवस माझ्यासमोरच म्हणाली, "आबा, आता बास. दुसरी गाडीबी इकली तर खायाचं काय?" मामा गाडीची काच पुसत होता. "निम्म्या वाटंत पाशिंजर उतरवाय मी तसला ड्रायवर हाय व्हय?" आठवड्यात गाडी विकली, आणि घेणाऱ्याकडंच पगारावर तीच गाडी चालवायला लागला.

मोठ्या विमानाचं शिक्षण झालं, आणि शेवटी नोकरी लागली. लेकीनं मामाला आणि मला आपल्या विमानातून पुण्याहून दिल्लीला नेलं. उतरल्यावर बघतो तर मामाचं तोंड फुगलेलं.

"आबा, बरं न्हाय वाटलं?" तिनं विचारलं.

"इमान झ्याक हाय. पर निम्मी शिटं मोकळी, आणि सरळ सोडली की गाडी! दारात हुबं ऱ्हाऊन दोन मिंटं दिल्ली-दिल्ली वरडली असतीस, तर धा-पंधरा मिळालं असतं."

ती हसून हसून खाली बसली.

त्या दिवाळीला ती रजेवर आली, तेव्हा कोल्हापूरच्या स्टँडवर मामाची गाडी भरत होती, मीही आत बसलो होतो. तिची बॅग दिसताच मामानं पुढच्या चौघांना मागं धाडलं. "आज पुढं कुणी न्हाय. त्या शिटांचं भाडं मालकाला मी देतो." मागं आम्ही एकमेकांच्या मांडीवर, आणि पुढं बाप-लेक दोघंच, मध्ये ऐसपैस जागा. कळंब्याच्या पुढं रस्त्याकडेला माणसं हात करत होती. मामा लेकीशी बोलत राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं ब्रेक लावला नाही.