देवगावची सात पानं

७ एप्रिल २०१३, रविवार. फकिराने गोकुळच्या हातावर एकशे पाच रुपये ठेवले. पानाला पंधरा रुपये हा दोघांचा जुना ठरलेला भाव, म्हणजे सात पानांचे पैसे आगाऊ. नोटा ओलसर होत्या. पाण्याचा टँकर चालवणाऱ्या फकिराच्या खिशात कोरडं असं काही राहत नसे.

"या सात पानांत त्याला देवगावला आण," फकिरा म्हणाला. "लई फिरवलास मुंबई-दिल्लीत. आता जरा गावाकडं येऊ दे."

"देवगावात येऊन काय करील तो?"

"ते तू बघ. पेंटर तू का मी?"

'तो' म्हणजे बिजलीपंख. एका जुन्या, साफ पडलेल्या हिंदी सिनेमाचा नायक. खांबावर चढलेल्या लाइनमनला तारेचा झटका बसतो आणि त्याच्या पाठीला निळे पंख फुटतात, अशी ती गोष्ट. १९८६ साली देवगाव रंगारीच्या जत्रेत तंबूच्या टॉकीजने हा सिनेमा आणला, तेव्हा गोकुळ नववीत होता. फकिरा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, शाळा सोडून शेतात लागलेला. तंबूवाल्याचा दुसरा तंबू तालुक्याच्या गावी, कन्नडला होता आणि दोन्ही तंबूंत मिळून सिनेमाच्या रिळांची पेटी एकच होती. कन्नडला एक रीळ दाखवून झालं की ते मोटारसायकलवर देवगावला यायचं. त्या दिवशी पंधरा रिळं आली, सोळावं आलंच नाही. पडद्यावर धरणाच्या भिंतीला तडा गेलेला, खाली गाव, आणि बिजलीपंख हात पसरून त्या तड्याकडे झेपावलेला. तेवढ्यात पडदा पांढरा झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, चपला फेकल्या. मग तंबूचा मॅनेजर स्टुलावर चढला आणि म्हणाला, "पिक्चर एवढाच आहे. पुढची गोष्ट दुसऱ्या भागात."

दुसऱ्या दिवशी तंबू उठला. गावाचा मात्र मॅनेजरच्या शब्दावर विश्वास बसला होता.

पुढची दहा-बारा वर्षं देवगावात दुसऱ्या भागाची वाट पाहणारी माणसं होती, असं सांगितलं तर आज कोणी खरं मानणार नाही. किराणा दुकानाचे मालक नानासाहेब दर जत्रेआधी सिनेमा कंपनीला पोस्टकार्ड टाकत. काही कार्डं 'मालक पत्त्यावर नाही' असा शेरा घेऊन परत आली, बाकीची कुठे गेली ते कळलं नाही. शेवटी नानासाहेबांनी मागणीच उतरवली. पिक्चरला लाखो रुपये लागतात हे आम्हास समजते, त्यांनी लिहिलं, पण निदान पुढील कथेचे चित्रांचे पुस्तक तरी छापावे, गावात पंचवीस प्रती खपतील. त्याचंही उत्तर आलं नाही.

तोवर गोकुळ शहरात येऊन पैठण गेटजवळ पाट्या रंगवू लागला होता. १९९८च्या दिवाळीत फकिरा त्याच्या टपरीवर आला आणि दहा मिनिटं त्याचा हात बघत उभा राहिला.

"कंपनी काढत नाय ना? मग तू काढ," तो म्हणाला. "बँकांची नावं काढतोस, त्यापरीस हे बरं."

"पैसे कोण देणार?"

"मी. पानाला पंधरा. फुकट घेतलं तर तगादा लावता येत नाय."

पहिल्या पानावर गोकुळने धरणाची भिंत काढली. भिंतीला तडा आणि तड्यातून बाहेर आलेला एक निळा हात. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तो चित्रं काढी. रंग पाट्यांतून उरलेला असे, त्यामुळे ज्या महिन्यात ज्या दुकानाचं काम, त्या महिन्यात बिजलीपंखाचा निळा तसा. एकदा तर दवाखान्याच्या पाटीमुळे तो सात पानं हिरवट राहिला. फकिराने विचारलं, "आजारी पाडलास का त्याला?" पुढच्या पानावर गोकुळने खरंच त्याला काविळीतून उठवला.

पंधरा वर्षांत एकसष्ट पानं झाली. फकिरा प्रत्येक पान घेऊन जाई, घरी बायकोला, आवडाबाईला, वाचून दाखवी आणि मग नानासाहेबांच्या दुकानात. तिथे केस पिकलेले दहा-बारा जण पोत्यांवर बसून ऐकत.

मधल्या काळात फ्लेक्स आलं आणि हाताने रंगवायच्या पाट्या संपल्या. गोकुळने टपरी विकली आणि एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसू लागला. शहर जवळच्या सातारा गावाच्या डोंगराकडे पसरलं. चार-चार मजले चढले, पण बोअरला पाणी नव्हतं. पाऊस दोन वर्षं हुलकावणी देत होता, नाथसागर धरणाचा तळ दिसत होता. फकिराने वावर वाट्याने दिलं आणि टँकरवर ड्रायव्हर म्हणून लागला. दिवसाला चार-पाच खेपा टाकायचा आणि रविवारी गोकुळकडे चहाला यायचा.

अशा एका रविवारी त्याने ते एकशे पाच रुपये दिले होते.

जूनमध्ये गोकुळच्या वाढदिवसाला त्याची मुलगी श्रेया मोबाइल घेऊन समोर बसली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. लहानपणापासून बापाला निळे पंख काढताना तिने पाहिलं होतं.

"पप्पा, सापडला. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून टाकलाय. पूर्ण आहे, दोन तास चाळीस मिनिटं."

दोघांनी तो शेवटपर्यंत पाहिला. पंधरा रिळं गोकुळला पाठ होती. सोळाव्यात बिजलीपंख तड्याला छाती लावून उभा राहतो, पाणी थांबतं, आणि तो तिथेच भिंतीत दगड होऊन जातो. गावकरी भिंतीला हार घालतात. 'समाप्त' अशी पाटी येते. दुसऱ्या भागाचा कुठे उल्लेख नाही.

"हा तर मरतो, पप्पा," श्रेया हळूच म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

त्या आठवड्यात गोकुळने देवगावचं पहिलं पान काढायला घेतलं. वेशीची कमान काढली, पिंपळ काढला. बिजलीपंखापाशी आला आणि हात थांबला. मेलेल्या माणसाला गावात कसा आणायचा, हे त्याला समजेना. फकिराला सांगावं, तर सत्तावीस वर्षं जपलेला माणूस आपल्या तोंडाने मारल्यासारखं होईल. न सांगता काढावं, तर प्रत्येक रेघ खोटी. त्याने कागद गुंडाळून कपाटावर ठेवला.

फकिरा येत राहिला.

"काय पेंटर, पोचला का आपला माणूस गावात?"

"जरा काम आहे रे. सीझन आहे."

"अन् दिवाळीत?"

"बघू."

दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा विचारलं. गोकुळ म्हणाला, डोळ्याला त्रास होतो. फकिराने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बशीतला चहा संपवला.

"शहराचं पाणी लागलंय तुला," तो हसत म्हणाला. "अन् तेबी मीच आणून टाकतो."

गोकुळही हसला. नंतर फकिराने पानांचा विषय काढणं सोडलं. मग रविवारचं येणं सुटलं. रस्त्यात टँकर दिसला की तो हॉर्न वाजवी आणि पुढे जाई.

२०१६च्या मे महिन्यात, दुष्काळाच्या दुसऱ्या फेरीत, टँकर भरायच्या रांगेत बसल्या जागी फकिराच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गोकुळला निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला. तो दहाव्याला एसटीने देवगावला गेला.

माणसं पांगल्यावर आवडाबाईने आतून पत्र्याची पेटी आणून त्याच्यासमोर ठेवली. आत एकसष्ट पानं होती, प्रत्येक पान वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. टँकरच्या ओल्या हातांनी धरायची म्हणून फकिराने ती तशी ठेवली होती.

गोकुळला राहवलं नाही. "वहिनी, एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली," तो म्हणाला. "तो बिजलीपंख खऱ्या पिक्चरमध्ये मरतो. मी पाहिलं. मग माझ्याच्यानं काढवेना, अन् त्याला सांगवेना."

आवडाबाईने पेटी आपल्याकडे ओढली.

"भाऊजी, ते तर ह्यांना ठाऊक होतं."

"काय?"

"जत्रेनंतर चौथ्या दिवशी हे बापासंगं कन्नडच्या बाजारला गेले होते. तिथल्या तंबूत पुरा पाहिला. मी लगीन होऊन आले तवा मला सांगितलं. म्हणाले, तो मेला, पण गावाला सांगू नको, गाव वाट बघतंय." तिने एक पिशवी उचलून पदराने पुसली. "म्हणायचे, गोकुळ्याच्या कागदात तो जिता हाय. म्हणून तर पैसे देतो."

गोकुळने पेटीतलं पहिलं पान उचललं.

"तीन वर्षं एकच बोलायचे," आवडाबाई म्हणाली. "गोकुळ्या रुसला. माझ्या तोंडून काय वाकडं गेलं, ते आठवत नाय. तुम्हाला इचारायला दोनदा तुमच्या फाटकापर्यंत आले होते, गाडी उभी करून परत फिरले. मी म्हणलं, आत जाऊन इचारा की. तर म्हणाले, पैसे दिलेत मी, जास्त बोललो तर त्याला तगादा वाटंल."

गोकुळने खिशातून शंभराची नोट आणि पाचाचं नाणं काढलं. ते तो घरूनच मोजून घेऊन आला होता.

"हे त्याचे आगाऊ दिलेले."

"पैसे नकोत. पानं द्या."

"आता कोण वाचणार, वहिनी? नानासाहेबही गेले."

"मी वाचीन. मला येतं वाचता. ह्यांनी वाचून दाखवावं म्हणून मी येत नाय म्हणायची."

परत येताना गोकुळला एसटीत जागा मिळाली नाही, तो उभ्याने आला. त्याने कपाटावरचा कागद उतरवला. जुना ब्रश वाळून कडक झाला होता, नवा आणला. पण तीन वर्षं नुसता माउस धरलेल्या हाताला रेघ धरवत नव्हती. एका पानाला महिने लागू लागले. निळा रंग या वेळी त्याने विकत घेतला.

आजवर दोन पानं आवडाबाईला पोचली आहेत. पाच पानांचे पंचाहत्तर रुपये गोकुळकडे बाकी आहेत.