सुंबरानापासून सुएझपर्यंत

जयवंता मारकड हे नाव तुम्ही कुठं वाचलेलं नसणार. पेपरात आलं नाही, आणि शाळेच्या फळ्यावर लिहिलं तेही कुणीतरी दुसऱ्या दिवशी गणितं सोडवायला पुसून टाकलं. तरी सांगते. कारण तिच्यासारखं डोकं मी पुढं कॉलेजात पाहिलं नाही, बँकेत पाहिलं नाही, आणि त्या डोक्याची जी माती झाली तिचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मी रतन. आमचा मळा कॅनॉलच्या अंगाला. वांगी, टोमॅटो, दोडकी करून इंदापूरच्या बाजारात नेणारी आमची माणसं. जयवंताचं घर तिकडं लोणी देवकरच्या अलीकडं, माळावर. धनगराचं घर. तिच्या आज्याच्या उमेदीत मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. तिचा बाप बिरदेव मात्र मेंढरं कमी करत करत ज्वारीच्या मागं लागला होता. आम्ही दोघी दहावीला एका बाकावर. मी बडबडी, ती मुखदुर्बळ. मास्तरांनी प्रश्न विचारला की तिचे नुसते ओठ हलायचे आणि उत्तर यायचं जरा उशिरा. पण यायचं ते शंभर टक्के बरोबर. वर्गातली पोरं तिला "उशिराची एसटी" म्हणायची. मी दोघातिघांना त्यावरून बुकललेलं आहे.

ते कुवेतच्या लढाईचं वर्ष होतं, एक्क्याण्णव साल. बारामतीच्या एका संस्थेनं बारामती-इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या दहावीच्या पोरांसाठी जगाच्या इतिहासाची प्रश्नमंजूषा ठेवली. शाळेतून दोघांची जोडी पाठवायची. जी जोडी पहिली येईल तिला अकरावी-बारावीचं शिक्षण आणि वसतिगृह फुकट. आमच्या खरात सरांनी मला घेतलं, कारण मला नकाशे आणि चित्रं चटकन ओळखता यायची, आणि जयवंताला घेतलं सनावळ्यांसाठी. पहिली आले नसते तरी मला पैसे भरून त्याच संस्थेत पाठवायचं आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, ठरवलंच होतं. जयवंताचं तसं नव्हतं.

सर तिच्या घरी बोलायला गेले तेव्हा मी बरोबर होते. बिरदेवतात्या बाजेवर बसून सुतळी वळत होते. वाईट माणूस नव्हता हो. शब्दाचा पक्का होता, हेच काय ते वाईट.

"सर, पोरगी हुशार हाय त्ये मला बी कळतंय," ते म्हणाले. "पर भिगवणचं पावणं दोनदा येऊन गेल्यात. फुकट सोय झाली तर जा म्हनतो, माझा शब्द हाय. न्हाय झाली तर वैशाखात अक्षता. त्यो बी माझा शब्दच हाय."

जयवंता दाराआड होती. तिनं मान हलवली. तिचं म्हणणं काय ते एवढंच, आणि तेही कुणी विचारलं नव्हतंच म्हणा.

आता सनावळ्या पाठ करायच्या तर पुस्तक एकच, सरांचं, आणि ते सगळ्या शाळेत फिरायचं. जयवंताला पुस्तक लागलंच नाही. तिचा आजा, सावळाराम आबा, बिरोबाच्या देवळात ढोलावर ओव्या म्हणणारा म्हातारा. अक्षराची ओळख नाही, पण देवाची सगळी कथा, जन्मापासून लग्नापर्यंत, एक शब्द इकडचा तिकडं न होता म्हणायचा. त्याला नातीनं विचारलं, "आबा, एवढं ध्येनात कसं ऱ्हातं?"

"ज्ये ओवीत बसलं, त्ये मेल्याबिगर जात न्हाय," आबा म्हणाला. "सांग तुझं काय हाय त्ये. बसवू."

आणि बसवलं की! संध्याकाळी मेंढरं वाघुरात, म्हणजे त्यांच्या जाळ्याच्या कोंडवाड्यात, घातली की दोघं अंगणात बसायचे. ती सरांकडून ऐकून आलेलं सांगायची आणि आबा त्याची ओवी करायचा. कपाळाला भंडारा लावून, आधी देवाचं सुंबरान, म्हणजे स्मरण, मग इंग्लंडचा राजा.

*सुंबरान मांडिलं गा, सुंबरान मांडिलं,*
*बाराशे पंधरा सालात, राजा जॉन सापडला पेचात,*
*सरदारांनी येढा दिला गा, सनदेवर शिक्का मारून घेतला!*

मी एकदा ऐकायला गेले तर हसून हसून माझं पोट दुखलं. कोलंबसाचं असं होतं: "चौदाशे ब्याण्णवात कोलंबस निघाला, जायाचं हुतं हिकडं, आन तिकडंच लागला." राजा चार्ल्सची मान, पॅरिसचा फुटलेला बंदीखाना, सगळं एकामागून एक आपलं दिंडीदरवाजातून आल्यासारखं. नेपोलियनपाशी आबा अडला.

"ह्यो बाबा कुठल्या गावचा?"

"कॉर्सिका बेटाचा, आबा."

"बेट म्हंजी?"

"चारी बाजूंनी पाणी."

"आरं तिच्या मायला! आन मग मेंढरं चरत्यात कुठं?"

बाराशे पंधरापासून दुसऱ्या महायुद्धाच्याही पुढपर्यंत सगळं जग त्या म्हाताऱ्यानं ओवीत घातलं. एकच अट. सुरुवात सुंबरानापासूनच. मधूनच ओवी धरलेली त्याला चालायची नाही. "मेंढरू वाघुरात दारातनं घालायचं असतंय," म्हणायचा, "जाळीवरनं फेकायचं न्हाय." आणि खरं सांगायचं तर जयवंताला मधून येतही नव्हतं. एक ओळ दुसरीला ओढून आणायची. पहिली नसली तर दुसरी येणार कुठून?

पहिली फेरी इंदापूरला झाली, आणि ती लेखी होती. तासाभराचा पेपर. जयवंता ओठ हलवत बसली, सुंबरानापासून निघाली आणि जगभर हिंडून परत आली. एकही उत्तर चुकलं नाही. आम्ही तालुक्यात पहिल्या! खरात सरांनी स्टँडवर आम्हाला भजी खायला घातली आणि त्यांचे डोळे भरून आले होते. बिरदेवतात्यांनी भिगवणला निरोप धाडला की जरा थांबा. जयवंता हसताना तिची वरची हिरडी दिसायची, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोवर ती माझ्यासमोर एवढी हसलीच नव्हती.

शेवटची फेरी बारामतीला. हीसुद्धा लेखीच असणार असं आम्ही धरून चाललो. सरांनीही विचारलं नाही, शाळेनंही विचारलं नाही. खेड्यातल्या माणसाची ही खोड आहे, एकदा झालं तसंच दुसऱ्यांदा होणार असं समजून निर्धास्त राहायचं.

तिथं मोठा हॉल, स्टेज, खुर्च्या, माईक. आणि टेबलावर घंटी. निवेदन करणाऱ्या बाईंनी नियम सांगितले: प्रश्न तोंडी, उत्तराला दहा सेकंद, घंटी वाजली की संपलं. मी जयवंताकडं पाहिलं. तिच्या तोंडावरचं रक्तच उतरलं होतं.

"रतने," ती माझ्या कानात म्हणाली, "धा सेकंदात माझं कुठवर हुईल?"

"तू सुंबरान सोड ना! डायरेक्ट साल आठव."

"येत न्हाय गं. करून बघितलं आत्ता. समदं इस्कटतंय."

चित्रांच्या फेऱ्या मी ओढल्या. पुतळे, राजवाडे, झेंडे, नकाशे, जे दाखवतील ते. त्यात आम्ही पुढं होतो बरं का! बारामतीच्याच एका शाळेची पोरं आमच्या पाठोपाठ. शेवटची फेरी सनावळ्यांची, आणि तिचा नियम असा की जोडीतल्या एकानंच बोलायचं. दुसऱ्यानं ओठ हलवला तरी गुण जाणार. मी स्टेजवर मुकी बसले. जन्मात मला कधी एवढं गप्प बसावं लागलेलं नाही.

पहिला प्रश्न मॅग्ना कार्टाचा, म्हणजे राजा जॉनच्या त्या सनदेचा. जयवंतानं बाईंचं बोलणं संपायच्या आत उत्तर दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा व्हर्सायच्या तहाचा. तो ओवीत पार शेवटाकडं. ती कुठं सतराशेच्या आसपास होती तोवर घंटी वाजली. तिसरा कोलंबसाचा, बरोबर. चौथा राजा चार्ल्सला कधी मारलं त्याचा. घंटीला हात गेला होता, तेवढ्यात तिनं "सोळाशे एकोणपन्नास" म्हटलं. बरोबर! प्रत्येक वेळी ती पुन्हा सुंबरानापासून निघत होती. खाली बसलेल्यांना वाटत असणार, पोरगी घाबरून देवाचं नाव घेतेय. मला तेवढं दिसत होतं की ती पळतेय. जीव खाऊन पळतेय.

पाचवा आला तेव्हा ती बारामतीची पोरं आणि आम्ही बरोबरीत होतो. त्यांचे प्रश्न संपलेले. हा आला तर आम्ही पहिल्या.

"सुएझ कालवा वाहतुकीला कोणत्या साली खुला झाला?"

मला येत होतं! माझ्या जिभेवर होतं, आणि जीभ दातांखाली धरून मी बसले होते. जयवंताचे डोळे मिटलेले, ओठ इतके भरभर हलत होते की शब्द ओळखू येईनात. कोलंबस गेला असेल, चार्ल्स गेला असेल, बंदीखाना फुटला असेल. तिची बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती.

घंटी वाजली.

ती थांबली नाही. तिला ऐकूच गेलं नाही बहुतेक. बाई "वेळ संपली" म्हणाल्या, हॉलमध्ये खुर्च्या वाजायला लागल्या, आणि ही माईकमध्ये मोठ्यानं म्हणाली, "अठराशे एकोणसत्तर!" डोळे उघडले आणि हसली. वरची हिरडी दिसली. पोचले म्हणून हसली ती.

खालून दोनचार पोरं खी खी करून हसली. बाई चांगल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे बाळ, पण वेळ संपली होती." मग बरोबरी मोडायला त्यांनी दोन्ही जोड्यांना एक शेवटचा प्रश्न घातला, बोलायचं त्याच दोघांनी, जो आधी सांगेल तो जिंकला. आधी सांगेल तो! आता काय बोलायचं? बर्लिनची भिंत कधी बांधली ते बारामतीच्या पोरानं सांगितलंसुद्धा, तोवर जयवंताचं सुंबरान संपलं नव्हतं.

खरात सर स्टेजवर चढून भांडले. उपयोग काय? नियम म्हणजे नियम. ही इतिहासाची परीक्षा होती की बैलगाड्यांची शर्यत, असं मला त्या सगळ्यांच्या तोंडावर विचारायचं होतं. परतीच्या एसटीत आमचे हेडमास्तर म्हणाले, "जाऊ द्या सर, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी उठून उभीच राहिले. "आडात होतं की सर! काठोकाठ होतं! पोहरा वर ओढेस्तोवर थांबायला कुणाला सवड नव्हती." सगळी एसटी माझ्याकडं बघायला लागली. जयवंतानं माझा हात धरून मला खाली बसवलं.

माळावर पोचलो तेव्हा आबा वाटेवर येऊन थांबला होता. नातीच्या तोंडाकडं बघून त्यानं ओळखलं.

"कुठं अडलीस?"

"अडले न्हाय आबा. पोचले न्हाय."

"म्हंजी?"

तिनं सांगितलं. घंटी, दहा सेकंद, सगळं. आबा म्हणाला, "धा म्हणस्तवर तर देवाचं नाव बी घेऊन हुईना की गं." आणि मग त्याला ते उमगलं. माझ्यासमोर उमगलं. "मंग म्याच तुला लांबच्या वाटंनं नेली. म्याच नेली न्हवं?"

"न्हाय आबा. तुमच्याबिगर मला एक बी साल आलं नसतं," ती म्हणाली आणि आत भाकरी थापायला गेली. दुसऱ्या दिवशी बिरदेवतात्यांनी भिगवणला माणूस पाठवला.

वैशाखात लग्न झालं. दहावीचा निकाल लागायच्या आधी. पास झाली होती, चांगल्या मार्कांनी, पण तो निकाल आणायला मीच गेले. आबा लग्नात मांडवाबाहेर बसून होता. ढोल घेऊन आलेल्या पोरांनी आग्रह केला तरी तोंड उघडलं नाही. पुढच्या दिवाळीत गेला.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी ती मला इंदापूरच्या स्टँडवर भेटली. मी बँकेत लागले होते. ती लोणी देवकरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. नवऱ्याचा पाय ट्रॅक्टरखाली गेला, जमीन दिरांनी कसायला घेतली, म्हणून माहेरच्या बाजूला आली होती राहायला. दोन पोरी. हाताला कसल्या तरी गोंदाचा वास. मी कशी आहेस म्हणाले. "चाललंय," म्हणाली. मग मीच उगाच कॉलेजचं, मेसचं, तिथल्या पोरींचं सांगायला लागले आणि मध्येच गप्प झाले.

"सांग की," ती म्हणाली. "त्या खोलीत खिडकीजवळची खाट कुणाला मिळाली?"

"कुठल्या खोलीत?"

"वसतिगृहात. त्या दिवशी तुझी चित्रं चालायच्या आधी मी पाणी प्यायला म्हणून मागं गेले हुते, तवा बघून आले. जिन्याच्या कडंची खोली. खिडकीतनं लिंबाचं झाड दिसतंय बघ. म्हटलं, हीच खाट घेऊ आपण."

मी त्याच खोलीत दोन वर्षं काढली होती. "मोहोळच्या एका पोरीला मिळाली," मी सांगितलं.

"चांगली हुती का?"

"व्हय."

"मग बरं झालं," ती म्हणाली. कारखान्याची गाडी आली आणि ती इतर बायांबरोबर धावत जाऊन गाडीच्या मागच्या हौद्यात उभी राहिली. ती खाट मला मिळाली होती, मोहोळच्या पोरीला नाही. गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली, आणि मी स्टँडच्या बाकावर बसून भर दुपारी ढसाढसा रडले.